समाजकार्याच्या विद्यापीठीय शिक्षणाचा उगम व त्याचे कागद

१. विषयप्रवेश

ताम्रपट, सनदा, महजर, बखरी व शकावल्या यांच्या सहवासांत ज्यांचा काळ जातो, अशा आमच्या वाचकांस प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनीं परका वाटण्याचा संभव आहे. विद्यापीठाच्या एका अर्वाचीन शाखेकडे, आणि तीहि ‘समाजकार्य’ या नांवाच्या शाखेकडे, संशोधकानें कां वळावें, असा प्रश्न कोणीहि विचारील. त्याचें उत्तर दोन प्रकारचें आहे. एक असें कीं, या शिक्षणाच्या आरंभाविषयीं जीं विधानें वारंवार छापलीं जातात, त्यांत ‘पहिलें’ हें विशेषण इतक्या संस्थांना लाविलेलें आढळतें कीं, कोणतें विधान कोणत्या अर्थानें खरें, हें कालनिर्णयाच्या आपल्या नेहमींच्या पद्धतीनेंच ठरविलें पाहिजे. दुसरें असें कीं, या शिक्षणानें गेल्या कांहीं पिढ्यांत कागदांचा एक निराळाच वर्ग निर्माण केला आहे. आणि ते कागद कोणी जपावे, कसे जपावे, व कोणते मुळींच उघडूं नयेत, हा प्रश्न संग्राहकांपुढें आज उभा आहे. पहिल्या प्रश्नाचा निकाल लावून दुसऱ्याकडे वळावें, असा आमचा बेत आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. परोपकार, लोकसेवा व समाजसेवा हे शब्द मराठींत पूर्वींपासून चालत आलेले आहेत. ‘समाजकार्य’ हा शब्द आज ज्या पारिभाषिक अर्थानें वापरला जातो, तो विद्यापीठीय अभ्यासक्रमांबरोबर रूढ झाला. समाजसेवा ही अंतःकरणाची ओढ होय. ती कोणीहि करावी. समाजकार्य ही मात्र शिकवितां येणारी, परीक्षा घेतां येणारी व पदवीनें प्रमाणित करतां येणारी विद्या आहे, असें ही शाखा मानते. ओढीची विद्या कशी झाली, हाच या इतिहासाचा मुख्य धागा आहे.

२. महाराष्ट्रांतील पूर्वपीठिका

हें शिक्षण परदेशांतून जसेंच्या तसें आणलेलें रोप आहे, असें म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांत अर्धेंच तथ्य आहे. जोतीराव फुले यांनीं पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३ सालीं काढलें. प्रार्थना समाजाच्या मंडळींनीं पंढरपुरास बालकाश्रम चालविला. पंडिता रमाबाईंचें शारदा सदन १८८९ सालीं मुंबईंत सुरू झालें व पुढच्याच वर्षीं पुण्यास आलें. धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. विठ्ठल रामजी शिंदे यांचें डिप्रेस्ड क्लासेस मिशन १९०६ चें. या सर्व संस्थांनीं काम आधीं केलें व काम करणारीं माणसें कामांतूनच घडविलीं.

परंतु कार्यकर्ता तयार करण्यासाठीं काहीं नियमबद्ध योजना असावी, ही जाणीवहि येथें लवकरच उत्पन्न झालेली दिसते. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०५ च्या जून महिन्यांत भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हां नव्या सभासदास पांच वर्षें उमेदवारी करावी लागे, असा नियम घातला. अभ्यास व प्रवास हीं त्या उमेदवारीचीं अंगें होतीं. कर्व्यांचा निष्काम कर्ममठ १९०८ चा. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें १९०९ सालीं सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनानें स्त्रियांस शिक्षिकेचें व परिचारिकेचें शिक्षण देऊन सेवेस व्यवसायाचें रूप दिलें. भारत सेवक समाजाचेच सभासद नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगांवांतील रात्रीच्या शाळा व फिरतीं वाचनालयें चालवितां चालवितां तिनें स्वयंसेवकांसाठीं समाजसेवेचे अल्पमुदतीचे वर्गहि भरविले. विद्यापीठीय शिक्षणाची बाराखडी गिरवली गेली ती अशा वर्गांतून.

या पूर्वपीठिकेंत व पुढील विद्यापीठीय शिक्षणांत भेद कोणता, हें कागदांवरून चांगलें कळतें. जुन्या संस्थांचा मुख्य कागद म्हणजे वार्षिक अहवाल. त्यांत वर्गणीदारांचीं नांवें आकड्यांसह असतात. आश्रयदात्यांचे आभार असतात. ज्यांच्यासाठीं हें सर्व चाललें तीं माणसें मात्र बहुशः संख्येनेंच दिसतात: इतक्या विधवा, इतकीं मुलें, इतके रोगी. देणाऱ्याचें नांव व घेणाऱ्याची संख्या, ही त्या कागदाची रीत. समाजकार्याच्या शिक्षणांतून निघालेल्या कागदांत हा क्रम उलटला. तेथें देणारा बाजूस राहतो, आणि संकटांत सांपडलेलें माणूस आपल्या नांवगांवासह, आपल्या घराच्या हकीकतीसह मध्यभागीं येतें. हा फरक लहान नाहीं, व पुढें जो प्रश्न आम्हांस मांडावयाचा आहे त्याचें बीज यांतच आहे.

३. परदेशांतील क्रम

लंडनमध्यें चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी १८६९ सालीं स्थापन झाली. दानाची विखुरलेली गंगा एका पात्रांतून वाहावी, व प्रत्येक अर्जदाराच्या स्थितीची चौकशी होऊनच मदत दिली जावी, हा तिचा हेतु होता. चौकशी आली म्हणजे चौकशी करणारा आला, आणि तो शिकलेला असावा ही गरजहि ओघानेंच आली. त्याच शहराच्या पूर्व भागांत १८८४ सालीं टॉयन्बी हॉल उघडला; विद्यापीठांतून निघालेल्या तरुणांनीं गरीब वस्तींत राहून शेजारधर्मानें काम करावें, अशी ती कल्पना. तिचें अनुकरण करून शिकागो येथें जेन ॲडम्स व एलन गेट्स स्टार यांनीं १८८९ सालीं हल हाऊस काढलें. एक मार्ग चौकशीचा व दुसरा शेजाराचा. पुढील सर्व शिक्षण या दोन मार्गांच्या संगमावर उभें राहिलें.

न्यूयॉर्कच्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीनें १८९८ च्या उन्हाळ्यांत कार्यकर्त्यांसाठीं वर्ग भरविला. हें साल आमच्या वाचकांस निराळ्या कारणानें परिचित आहे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड त्याच सालीं प्रसिद्ध झाला. दोन घटनांचा परस्पर संबंध कांहीं नाहीं. केवळ काळाची खूण पटावी म्हणून हा उल्लेख केला. तो उन्हाळी वर्ग १९०४ सालीं पूर्ण मुदतीची शाळा झाला, व १९४० सालीं त्या शाळेचा कोलंबिया विद्यापीठाशीं संबंध जोडला गेला. आम्स्टरडॅम येथें १८९९ सालीं समाजकार्याची स्वतंत्र शाळा निघाली. लंडनमध्यें १९०३ सालीं निघालेली शाळा १९१२ सालीं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें विलीन झाली. शिकागोची शाळा १९२० सालीं तेथील विद्यापीठांत समाविष्ट झाली.

चारहि ठिकाणचा क्रम पाहिला तर एक नियम निघतो. आधीं संस्था, मग वर्ग, मग शाळा व सर्वांत शेवटीं विद्यापीठ. विद्यापीठांनीं ही विद्या आपण होऊन निर्माण केली नाहीं. ती रस्त्यावरून चालत विद्यापीठाच्या दारीं आली. दारावर तिची झडतीहि झाली. अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षणतज्ज्ञानें १९१५ सालीं बाल्टिमोर येथील परिषदेंत, समाजकार्य हा वैद्यकी किंवा वकिलीसारखा स्वतंत्र व्यवसाय आहे काय, असा प्रश्न विचारून प्रतिकूल उत्तर दिलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९१७ सालीं, मेरी रिचमंड यांचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ बाहेर पडला. त्या ग्रंथाचा मोठा भाग पुराव्याच्या चर्चेस वाहिलेला आहे. प्रत्यक्ष वस्तूचा पुरावा, साक्षीचा पुरावा व परिस्थितीजन्य पुरावा यांतील भेद, ऐकीव गोष्टीची किंमत, साक्षीदाराची पात्रता व पूर्वग्रह, हे विषय लेखिकेनें बारकाईनें हाताळले आहेत. बखरीची साक्ष अस्सल पत्राशीं ताडून पाहणाऱ्या संशोधकास हा ग्रंथ परका वाटणार नाहीं. एका कुटुंबाची आपत्ति समजून घेणें व एका घराण्याचा इतिहास समजून घेणें या दोन्ही कामांत कागदाची व साक्षीची पारख सारखीच लागते.

४. मुंबई, इ. स. १९३६

हिंदुस्थानांतील पूर्ण मुदतीच्या शिक्षणाचा आरंभ मुंबईस नागपाड्यांत झाला. अमेरिकन मराठी मिशन हें नांव जुन्या मराठी मुद्रणाच्या अभ्यासकांस सांगावयास नको. १८१३ सालीं मुंबईस आलेल्या या मिशननें छापखाना चालविला व १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ काढला. त्याच मिशनतर्फे १९२५ च्या सुमारास मुंबईस आलेले डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनीं नागपाड्याच्या दाट वस्तींत नेबरहूड हाऊस उभारलें. टॉयन्बी हॉल व हल हाऊस यांच्याच वळणाचें हें घर होतें. सर दोराबजी टाटा १९३२ सालीं वारले व त्यांची संपत्ति त्यांच्या नांवच्या विश्वस्तनिधीकडे आली. या निधीच्या द्रव्यानें व मॅनशार्ट यांच्या योजनेनें १९३६ सालीं ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ ही शाळा त्याच घरांत सुरू झाली.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता व पदवीधरांसाठीं होता. पण तो पुरा करणाऱ्यास मिळे ती पदविका. पदवी देण्याचा अधिकार शाळेस नव्हता, कारण ती विद्यापीठ नव्हती व कोणत्या विद्यापीठाचें अंगहि नव्हती. १९४० सालीं तिनें ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ हें नियतकालिक काढलें. १९४४ सालीं ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ हें नांव घेतलें. १९५४ सालीं ती देवनारच्या जागेंत गेली. आणि १९६४ सालीं तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे १९३६ पासून १९६४ पर्यंतचीं अठ्ठावीस वर्षें या विषयांतील देशांतली सर्वांत जुनी शाळा विद्यापीठाच्या चौकटीबाहेरच राहिली. ‘पहिलें’ या शब्दाचा घोटाळा जो होतो तो मुख्यत्वें येथूनच.

५. ‘पहिलें’ कोणतें?

विद्यापीठांकडील धागा आतां पाहूं. यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशन या संस्थेनें १९४६ सालीं लखनौस समाजकार्याची शाळा काढली. ती १९४७ सालीं दिल्लीस आली आणि १९४८ सालीं दिल्ली विद्यापीठास जोडली जाऊन तेथें समाजकार्याची मास्टर्स पदवी मिळूं लागली. दिल्ली विद्यापीठ हें १९२२ च्या कायद्यानें स्थापन झालेलें. शाळेचा कारभार विद्यापीठानें १९६१ सालीं आपल्या हातीं घेतला. त्यापूर्वीं, १९४७ सालीं, काशी विद्यापीठांत समाजकार्याचें शिक्षण सुरू झालें होतें. असहकाराच्या चळवळींत १९२१ सालीं शिवप्रसाद गुप्त व डॉ. भगवानदास यांनीं स्थापिलेलें हें विद्यापीठ सरकारी मान्यतेपासून हेतुपुरस्सर दूर राहिलेलें होतें; अभिमत विद्यापीठ म्हणून त्याला मान्यता मिळाली ती १९६३ सालीं. बडोद्याचें महाराजा सयाजीराव विद्यापीठ ३० एप्रिल १९४९ रोजीं अस्तित्वांत आलें, व १९४९-५० मध्यें तेथें समाजकार्याची विद्याशाखा निघाली.

वरील हकीकत एकत्र मांडली म्हणजे निर्णय येणेंप्रमाणें होतो:

(अ) पूर्ण मुदतीचें, पदवीधरांसाठीं असलेलें पहिलें शिक्षण: मुंबई, १९३६.

(आ) राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळींतून निघालेल्या विद्यापीठांतील आरंभ: काशी, १९४७.

(इ) कायद्यानें स्थापिलेल्या विद्यापीठाची पहिली मास्टर्स पदवी: दिल्ली, १९४८.

(ई) विद्यापीठानें आपल्या स्थापनेबरोबरच स्वतःचें अंग म्हणून उभारलेली विद्याशाखा: बडोदें, १९४९-५०.

चारहि विधानें खरीं आहेत व परस्परविरोधी नाहींत. तीं एकमेकांवर आदळतात तीं ‘शिक्षण’, ‘विद्यापीठ’, ‘पदवी’ व ‘विद्याशाखा’ या चार शब्दांस एकच समजल्यामुळें. किल्ला बांधला केव्हां, ताब्यांत आला केव्हां व त्यावर गादी आली केव्हां, या तीन तारखा निराळ्या असतात, हें आपण जाणतोंच.

६. बडोद्याचें वैशिष्ट्य

वरील चार ठिकाणांपैकीं बडोद्याकडे मराठी संशोधकानें विशेष लक्ष द्यावें असें आम्हांस वाटतें. दिल्लीस आधीं शाळा व मग विद्यापीठाशीं नातें, हा परदेशांतलाच क्रम पुन्हां घडला. बडोद्यास मात्र तो उलटला. तेथें विद्यापीठानें आरंभींच हा विषय आपल्या घरांत घेतला, व त्याचा खर्च, त्याचे नियम आणि त्याची परीक्षा यांची जबाबदारी सार्वजनिक विद्यापीठ म्हणून पत्करली.

असें बडोद्यासच कां व्हावें? याचें उत्तर संस्थानच्या इतिहासांत शोधलें पाहिजे. सयाजीराव महाराजांनीं अमरेली प्रांतांत १८९३ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ सालीं तो सर्व राज्यास लागू केला. बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा १९०४ चा. ग्रंथालयांची राज्यव्यापी योजना १९१० नंतरची. डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठास गेले ते याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. प्रजेची सामाजिक स्थिति सुधारणें हें राज्याचें काम आहे, अशी ही भूमिका दीर्घकाळ चालत आलेली होती. महाराज १९३९ सालीं वारले. त्यांच्या मनांतलें विद्यापीठ प्रतापसिंहराव गायकवाडांच्या कारकीर्दींत प्रत्यक्षांत आलें. त्याच्या दुसऱ्याच दिवशीं, १ मे १९४९ रोजीं, संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. राज्य संपलें त्याच्या आदल्या दिवशीं विद्यापीठ उभें राहिलें, आणि राज्यानें जें काम आपलें मानलें होतें त्याचें शिक्षण त्या विद्यापीठाकडे आलें.

विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरु हंसाबेन मेहता या होत. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या त्या कन्या. अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष, घटना समितीच्या सभासद, व बडोद्यास येण्यापूर्वीं कर्व्यांनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरु. हिंगण्याच्या झोपडींतून निघालेला धागा असा बडोद्यापर्यंत पोंचतो. समाजकार्याचें शिक्षण येथें केवळ परदेशांतून आलें असें म्हणणारांनीं ही साखळी तपासून पाहावी.

स्वातंत्र्यानंतर या पदवीची गरज कायद्यांनींहि वाढविली. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें पांचशें किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणें बंधनकारक केलें. सामुदायिक विकास योजना २ ऑक्टोबर १९५२ रोजीं सुरू झाली. केंद्रीय समाजकल्याण मंडळ दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखालीं १९५३ सालीं स्थापन झालें. महाराष्ट्रांत मुंबईचें निर्मला निकेतन १९५५ सालीं, व पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ सालीं निघाली. विद्यापीठ अनुदान आयोगानें १९६० सालीं या शिक्षणाच्या पाहणीसाठीं समिति नेमली व तिचा अहवाल १९६५ सालीं आला. दुसऱ्या पाहणीचा अहवाल १९८० चा आहे.

७. अभ्यासक्रम व त्याचा कागद

या विद्येचे पारंपरिक विभाग म्हणजे व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, सामाजिक संशोधन व सामाजिक कृति. जोडीला समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र व कायदा यांचा परिचय. परंतु या शाखेस इतर शाखांहून निराळी करणारी गोष्ट म्हणजे क्षेत्रकार्य. विद्यार्थ्यानें आठवड्यांतून साधारणतः दोन दिवस रुग्णालय, बालगृह, न्यायालय, कारखाना, शाळा, झोपडवस्ती किंवा खेडें अशा ठिकाणीं जाऊन काम करावयाचें. परत येऊन घडलें तें लिहावयाचें. आणि तें लेखन घेऊन मार्गदर्शकासमोर बसावयाचें. मार्गदर्शक समासांत प्रश्न लिहितो: हें तुला कोणी सांगितलें? तूं पाहिलेंस कीं ऐकलेंस? बाई गप्प राहिली असें लिहिलें आहेस, त्यापूर्वीं तूं काय बोलला होतास? विद्यापीठाच्या इतर परीक्षांत विद्यार्थ्याची स्मरणशक्ति तपासली जाते. येथें त्याची साक्ष तपासली जाते.

हें लेखन आमच्या परिचयाच्या कागदांशीं ताडून पाहण्याजोगें आहे. तारीखवार नोंद म्हणून तें रोजनिशीसारखें आहे. घराण्याची पूर्वपीठिका सांगून सध्यांच्या अडचणीपर्यंत येणारें म्हणून करीन्यासारखें. आणि एका पक्षाची बाजू मांडणारें म्हणून कैफियतीसारखें. पण एक भेद महत्त्वाचा आहे. कैफियत ज्याची असते तो ती स्वतः देतो, व ती दिल्यानें आपल्याला काय मिळवावयाचें आहे हें त्याला ठाऊक असतें. क्षेत्रकार्याच्या नोंदींतील माणूस बोलला तो मदतीच्या आशेनें. आपलें बोलणें कागदावर राहील व तिऱ्हाइताच्या हातीं जाईल, असें त्याच्या मनांतहि नसतें. शिवाय लिहिणारा विद्यार्थी असतो. त्याचें अज्ञान, त्याची भीति व त्याच्या जातीवर्गाचे संस्कार ओळींओळींत उमटतात. म्हणून हा कागद दोन माणसांचा पुरावा आहे. ज्याच्याविषयीं लिहिलें त्याचा, आणि ज्यानें लिहिलें त्याचा. वाचणारानें दोघांनाहि वेगळें ओळखिलें पाहिजे.

अशा कागदांचें मोल किती, हें सांगण्यास फार शब्द नकोत. निर्वासितांच्या छावण्या, गिरणीकामगारांच्या चाळी, धरणानें उठलेलीं गांवें, यांचा इतिहास सरकारी अहवालांतून आंकड्यांनीं कळेल. पण भाकरीचा तुकडा कोणाच्या ताटांत पडला नाहीं, मुलीची शाळा कोणत्या महिन्यांत सुटली, कर्ज कोणाच्या बारशासाठीं काढलें, हें समजण्यास याहून जवळची साक्ष मिळणें कठीण. मराठी बोलणाऱ्या वस्तींतील नोंदींत तर लोकांचे शब्दहि जसेच्या तसे उतरलेले असूं शकतात. व्याकरणकारांच्या व ग्रंथकारांच्या मराठीबाहेरचा तो साठा भाषेच्या अभ्यासकासहि उपयोगी आहे.

८. काय जपावें, काय झांकावें

येथेंच खरी अडचण उभी राहते. समाजकार्याच्या शिस्तींत गुप्तता हें मूलतत्त्व आहे. जें विश्वासानें सांगितलें तें कामापुरतेंच वापरावें, ही शिकवण विद्यार्थ्यास पहिल्या सत्रांतच मिळते. उलट संग्राहकाचा धर्म असा कीं, कोणताहि कागद नष्ट होऊं देऊं नये. राजवाडे व त्यांचे सहकारी गांवोगांव हिंडले ते वाण्याच्या दुकानांतून व माळ्यावरच्या वाळवींतून दफ्तरें वांचविण्यासाठीं. त्या परंपरेंत वाढलेल्या माणसास, एखादा कागद वाचला जाऊं नये म्हणून त्याचा नाश करणें, हें पातक वाटतें. दोन्ही धर्म खरे आहेत, व दोन्ही एकाच कागदावर येऊन भिडतात.

कोणी म्हणेल कीं, पेशवे दफ्तरांतहि माणसांच्या खाजगी गोष्टी आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं, जे स्वतः बडोद्याच्या सेवेंत अनेक वर्षें होते, १९३० पासून पुढें त्या दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले, तेव्हां कोणाचे व्यभिचाराचे तंटे, कोणाचीं कर्जें, कोणाचीं प्रायश्चित्तें उजेडांत आलींच कीं नाहीं? हा आक्षेप बरोबर नाहीं. त्या कागदांतील शेवटचा माणूसहि तोंपर्यंत शतकापूर्वीं निवर्तला होता. शिवाय ते कागद राज्यानें आपल्या अधिकारानें केलेले होते. कोणी आपलें दुःख विश्वासानें विद्यार्थ्याच्या ओंजळींत टाकलेलें नव्हतें. क्षेत्रकार्याच्या नोंदींतील मूल आज म्हातारें होऊन त्याच वस्तींत राहत असेल. त्याच्या आईनें काय सोसलें हें त्यानें आमच्या त्रैमासिकांत वाचावें, हें कोणत्याहि संशोधनानें समर्थनीय होणार नाहीं.

म्हणून आम्ही या कागदांचे तीन वर्ग करतों. पहिला वर्ग संस्थेच्या कागदांचा: अभ्यासक्रम, माहितीपत्रकें, प्रश्नपत्रिका, नियमावल्या, विद्यापीठाचे ठराव, सभांचीं इतिवृत्तें, शिक्षकांचीं टांचणें, छायाचित्रें. यांत कोणाचें गुपित नाहीं. ज्याच्या हातीं पडतील त्यानें ते निःसंकोच जपावे व त्यांच्या याद्या छापाव्या. सार्वजनिक विद्यापीठाचे कागद हे सार्वजनिक धन आहे, आणि वर मांडलेला ‘पहिलें कोणतें’ याचा निर्णय याच वर्गाच्या आधारें अधिक पक्का होत जाईल. दुसरा वर्ग प्रबंधांचा: विद्यार्थ्यांनीं पदवीसाठीं केलेल्या पाहण्या. त्यांत वस्तीचें चित्र असतें, माणसें बहुधा निनांवी असतात. यांचीहि जपणूक व्हावी. मात्र ज्यावरून एखादें कुटुंब ओळखूं येईल असा भाग उतरून घेतांना वगळावा. तिसरा वर्ग व्यक्तीच्या नोंदींचा. हे कागद खाजगी संग्रहांत ठेवूं नयेत, विकत घेऊं नयेत, कुतूहलानें उघडूंहि नयेत. ते ज्या संस्थेचे, तिच्याकडे परत द्यावे. आणि संस्थेनें ते जाळण्याऐवजीं मोहरबंद करून, त्यांतील माणसांची हयात उलटून जाईल इतक्या मुदतीनें, दफ्तरखान्याच्या स्वाधीन करावे.

या शेवटच्या सूचनेंत संग्राहकाच्या स्वभावाविरुद्ध कांहीं आहे, हें आम्ही जाणतों. सांपडलेलें बाड न सोडतां परत करणें ही सोपी गोष्ट नव्हे. परंतु पूर्वीच्या अहवालांत ज्या माणसांस नांवच नव्हतें, त्यांना या विद्येनें प्रथम नांव दिलें. त्या नांवाचा मान राखणें हें त्यांच्या इतिहासाचें पहिलें कलम आहे. शंभर वर्षांनीं जो संशोधक ती मोहर फोडील, त्याला एका विश्वासाची संपूर्ण साखळी हातीं येईल: ज्यानें सांगितलें, ज्यानें लिहून घेतलें, ज्यानें समासांत प्रश्न विचारले, आणि ज्यांनीं न वाचतां जपलें. या साखळींतील शेवटचें काम आमच्या वाचकांचें आहे. ज्यांच्या संग्रहांत पहिल्या दोन वर्गांतील कागद असतील त्यांनीं त्यांच्या याद्या कराव्या. तिसऱ्या वर्गाचा कागद हातीं आल्यास तो तसाच बांधून मूळ जागीं पोंचवावा. इतकी विनंति करून हा लेख पुरा करतों.